किट टाकण्याआधी बेल्ट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिअरलेस स्कूटर तीन-चार वर्षे वापरली की एक तक्रार ठरलेली असते. रेस दिली की इंजिन ओरडते, पण गाडी उचलत नाही. डबलसीट चढ लागला की जीव जातो आणि मोकळ्या रस्त्यावरही पूर्वी जाणारा काटा आता पन्नास-पंचावन्नला अडकतो. अशा वेळी हल्ली बऱ्याच ठिकाणी एकच उपाय सांगितला जातो, ‘पिकअप किट टाकू या’. हलके रोलर, कडक कॉन्ट्रा स्प्रिंग, क्लच शूच्या कडक स्प्रिंगा आणि महागातल्या किटमध्ये वेगळ्या घडणीचा व्हेरिएटर, असे हे सामान असते. काही हजार रुपये जातात. गाडी पहिल्या दिवशी खरोखर सुसाट वाटते, म्हणून गिऱ्हाईकही खूश असते.

आम्ही रोज हीच कव्हरे उघडतो, म्हणून हे लिहीत आहोत. त्या पहिल्या दिवसाच्या फरकातला मोठा भाग किटचा नसतो. किट टाकताना बहुधा बेल्ट नवा पडतो, रोलर नवे येतात, आतली काळी भुकटी साफ होते आणि क्लच शू घासले जातात. हेच काम कंपनीच्या मूळ मापाच्या सामानाने केले असते तरी गेलेला पिकअप परत आला असता, तोही कमी पैशांत आणि ॲव्हरेज न घालवता. किट काही ठिकाणी उपयोगी पडते, ते पुढे सांगतो. पण आधी माप, मग किट, हा क्रम चुकला की पैसे वाया जातात.

आतली रचना थोडक्यात सांगावी लागेल. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला पुढची पुली असते. तिचा एक अर्धा भाग पक्का असतो आणि दुसरा सरकणारा, त्यालाच व्हेरिएटर म्हणतात. सरकणाऱ्या भागाच्या पोटात सहा रोलर उतरत्या खोबणीत बसलेले असतात. इंजिनच्या फेऱ्या वाढल्या की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, खोबणीचा उतार चढताना सरकणाऱ्या भागाला पक्क्या भागाकडे रेटतात आणि मध्ये दाबला गेलेला बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तेवढीच असल्यामुळे मागच्या पुलीला उघडावे लागते, आणि ती उघडू नये म्हणून तिच्यावर कॉन्ट्रा स्प्रिंग बसलेली असते. मागच्या पुलीतच तिरप्या खाचा आणि पिना असतात. चढ लागून चाकावर भार आला की त्या खाचा पुलीला पुन्हा मिटवतात आणि गाडी आपोआप खालच्या गिअरवर येते. रोलर रेटणार, स्प्रिंग आणि खाचा परतवणार, या ओढाताणीतून गाडीचा गिअर ठरतो. क्लच शूचे काम वेगळे आहे. गाडी जागेवरून हलवणे आणि थांबताना इंजिन मोकळे करणे एवढेच ते करतात. या दोन गोष्टींची गल्लत हे चुकीची किट विकली जाण्याचे पहिले कारण आहे.

आता बेल्ट. बेल्टला भेगा नाहीत, तुटलेला नाही, म्हणून ‘अजून चालेल’ असे सांगितले जाते. पण बेल्ट आधी अंगाने बारीक होतो आणि तुटतो फार नंतर. व्हर्नियरने वरच्या रुंद बाजूची रुंदी तीन-चार ठिकाणी मोजावी आणि त्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहावी. मर्यादा साधारणपणे नव्या मापापेक्षा एक-दीड मिमी खाली असते. एवढ्याशा झिजेने काय होते, याचा हिशोब सोपा आहे. पुलीच्या एका बाजूचा उतार सुमारे १४ अंश धरला तर बेल्ट १ मिमीने अरुंद झाल्यावर तो पुलीत सुमारे २ मिमी खोल बसतो. पुढच्या पुलीत खोल बसला की वरचा वेग गेला. मागच्या पुलीत खोल बसला की सुरुवातीचा जोर गेला, शिवाय ढिला पडल्याने उचलताना घसरतो. म्हणजे झिजलेला बेल्ट दोन्ही टोकांनी खातो. अशा गाडीत हलके रोलर टाकले की मधला उठाव थोडा सुधारतो, झिजलेला बेल्ट आणखी दोन-तीन महिने झाकला जातो आणि मग एखाद्या दिवशी तुटून कव्हरच्या आत गोळा होतो. बहुतेक कंपन्या बेल्ट बदलण्याचा टप्पा वीस-पंचवीस हजार किमीच्या आसपास देतात. घाटात, डबलसीट किंवा माल घेऊन चालणाऱ्या गाडीचा बेल्ट त्याआधीच मर्यादेला येतो, म्हणून प्रत्येक मोठ्या सर्व्हिसिंगला माप घेतलेच पाहिजे. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील, एखाद्या बाजूने दोरे सुटले असतील किंवा तो उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी चीर दिसली, तर माप बरोबर असले तरी बेल्ट बाद समजावा.

रोलर हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाहीत. रोलर हा धातूच्या नळीवर चढवलेले नायलॉनसारखे आवरण असतो आणि तो खोबणीत गोल फिरत वर-खाली होणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात गाडी तासन्‌तास एकाच वेगात चालली की तो एकाच जागी घासला जातो आणि तिथे सपाट होतो. एकदा सपाट झाला की तो फिरत नाही, नुसता घसरतो किंवा त्या सपाट बाजूवर अडून बसतो. मग ठरावीक वेगाला, बहुधा तीस-चाळीसच्या दरम्यान, गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम सुटते. सोळा मिमी व्यासाचा रोलर अर्धा मिमी जरी कमी भरला तरी संपूर्ण संच बदलावा. एखाद-दुसरा बदलून चालत नाही. बसवताना बाजू पाहावी लागते. बहुतेक रोलरच्या एका बाजूला धातू उघडा दिसतो आणि दुसरी बाजू आवरणाने झाकलेली असते. रेस दिल्यावर रोलर ज्या भिंतीवर रेटला जातो त्या भिंतीकडे झाकलेली बाजू यावी. उलटे बसवले तर धातू थेट ॲल्युमिनियमवर घासतो आणि व्हेरिएटरला कायमचे चर पडतात. ते चर पडलेला व्हेरिएटर फेकण्याच्याच लायकीचा राहतो, कितीही भारी रोलर टाकले तरी.

व्हेरिएटरच्या मधले बुश, म्हणजे ज्या नळीवर तो सरकतो ती, आणि रोलरमागच्या प्लेटचे तीन प्लास्टिकचे सरक तुकडे याकडे फारसे कोणी पाहत नाही. बुश झिजले की सरकणारा भाग डगमगतो आणि गाडी उभी असताना डाव्या बाजूने कडकड आवाज येतो. सरक तुकडे ढिले झाल्यावरही तसाच आवाज येतो. तुकडे अगदी स्वस्त असतात, रोलरबरोबर बदलून टाकावेत.

मागच्या बाजूला क्लच शूचे अस्तर मोजावे. अनेक मॉडेलमध्ये २ मिमी ही शेवटची मर्यादा असते. जागेवरून निघताना गाडी थरथरते ती बहुधा अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाल्यामुळे किंवा बेलमध्ये, म्हणजे शू ज्याला आतून पकडतात त्या वाटीसारख्या भांड्यात, भुकटी साचल्यामुळे. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने अस्तराची चकाकी घालवावी, बेल आतून ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करावी. ही भुकटी हवेच्या नळीने उडवू नये. तोंडाला मास्क लावावा आणि ओल्या फडक्याने पुसावी, ती रोज छातीत गेलेली चांगली नाही. बेल निळी पडली असेल तर क्लच घसरून तापलेला आहे, त्याचे कारण शोधल्याशिवाय कव्हर बंद करू नये. कॉन्ट्रा स्प्रिंग दबून आखूड झाली आहे का हे पाहायला नवी मूळ स्प्रिंग शेजारी उभी करून उंची ताडावी. मागच्या पुलीच्या पिना आणि खाचांना थोडे, उष्णता सोसणारे ग्रीस लागते. रोलरच्या घरात मात्र पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर ग्रीस भरू नये. ते उडून बेल्टवर जाते आणि तेलकट बेल्ट कुठल्याच किटने पकडत नाही. क्रँकच्या किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर आधी सील.

एवढे सगळे मूळ मापावर आणल्यावरही गाडी कमी पडते असे वाटले तर किटचा विचार करावा. तेव्हा किट एकगठ्ठा न पाहता एकेक वस्तू पाहावी, कारण प्रत्येकीचे काम वेगळे आहे.

हलक्या रोलरने इंजिनची ताकद वाढत नाही. गाडी वरच्या गिअरवर उशिरा जाते, म्हणून इंजिन जास्त फेऱ्यांवर राहते, एवढेच घडते. किती जास्त, हे काढता येते. रोलरचा रेटा वजनाच्या पटीत आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १२ ग्रॅमच्या रोलरवर इंजिन ६००० फेऱ्यांना धरून राहत असेल, तर ११ ग्रॅमवर ते सुमारे ६२५० ला, १० ग्रॅमवर सुमारे ६५५० ला आणि ९ ग्रॅमवर सुमारे ६९०० ला राहील. आपल्याकडच्या ११० आणि १२५ सीसी स्कूटरचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, पाच-साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास असतो आणि सर्वाधिक शक्ती साडेसहा ते आठ हजारांच्या दरम्यान. चढाला किंवा पूर्ण रेस दिल्यावर इंजिन या दोहोंच्या मध्ये राहिले तर गाडी नीट ओढते. त्यामुळे एक ग्रॅमचा बदल बऱ्याचदा पुरतो. दोन ग्रॅमला ॲव्हरेज कमी झालेले कळते. तीन ग्रॅमला गाडी शहरात सतत किंचाळत राहते, पेट्रोल पिते, बेल्ट आणि इंजिन दोन्ही तापतात. वरच्या वेगाबद्दलही गैरसमज आहे. सगळ्यात वरचा गिअर पुलीच्या आकाराने ठरतो, रोलरच्या वजनाने नाही. हलक्या रोलरने ती मर्यादा वाढत नाही. फार हलके झाले तर बेल्ट टोकापर्यंत चढतच नाही आणि वरचा वेग उलट घटतो. ‘पिकअप पण वाढेल आणि टॉप पण’ असे एकाच रोलरबद्दल कोणी सांगत असेल तर मूळचे रोलर झिजलेले होते एवढाच त्याचा अर्थ.

कडक कॉन्ट्रा स्प्रिंगवर १०००, १५००, २००० असे आकडे छापलेले असतात. ती विक्रीची नावे आहेत. १५०० ची स्प्रिंग टाकली म्हणजे गाडी दीड हजार फेऱ्या उशिरा सुटेल असे नाही, सुटण्याचा या स्प्रिंगशी संबंधच नाही. तिचे खरे काम बेल्टला मागच्या पुलीत घट्ट धरणे आणि रेस दिल्यावर लवकर खालच्या गिअरवर आणणे. ज्या इंजिनची ताकद वाढवलेली आहे आणि ज्याचा बेल्ट मागे घसरतो, तिथे ती लागते. साध्या, कंपनीतून आली तशा इंजिनाला ती नुसते ओझे होते. बेल्ट जास्त दाबला जातो, उष्णता वाढते, बेल्ट लवकर झिजतो, पिनांच्या खाचा खाल्ल्या जातात आणि वरचा गिअर पूर्ण लागत नाही. मूळ स्प्रिंग दबून आखूड झाली असेल तर मूळ नवी टाकावी. आमच्या मते रोजच्या वापराच्या स्कूटरला कडक कॉन्ट्रा स्प्रिंग टाकूच नये.

क्लच शूच्या कडक स्प्रिंगांबद्दल तर आम्हाला काळजी वाटते आणि हा मुद्दा वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. या स्प्रिंगा कडक केल्या की शू जास्त फेऱ्यांवर पकडतात, त्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी झटक्याने सुटते आणि तेच ‘पिकअप’ वाटते. पण उशिरा पकडणारा शू लवकर सुटतोही. घाट उतरताना रेस सोडलेली असते. वेग एका मर्यादेखाली आला की शू बेलपासून सुटतात, चाकाचा इंजिनशी संबंध तुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मूळ स्प्रिंगवर हे अगदी हळू वेगाला घडते. कडक स्प्रिंगांवर ते बरेच आधी घडते, नेमके अवघड वळणावर, जिथे इंजिनाने धरून ठेवलेले हवे असते. वरंधा, ताम्हिणी, आंबा किंवा अंबेनळी उतरणाऱ्या, मागे माणूस बसलेल्या ड्रम ब्रेकच्या गाडीला हे चालणार नाही. उतारावर गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटली तर किंचित रेस देऊन शू पुन्हा पकडवावेत आणि मग रेस सोडावी, हे मूळ स्प्रिंगच्या गाडीवरही चालकांना माहीत असावे.

वेगळा व्हेरिएटर ही किटमधली सगळ्यात महाग वस्तू. इटलीतल्या मालोसी आणि पोलिनी या कंपन्यांचे किंवा तैवानी बनावटीचे चांगले व्हेरिएटर असतात. त्यांच्या खोबणीचा उतार वेगळा असतो, बेल्टला थोडी जास्त वाटचाल मिळते. पण ते ठरावीक मॉडेलसाठी, ठरावीक बेल्ट आणि रोलर धरून केलेले असतात. आपल्या गाडीचे नाव वेष्टनावर नसेल तर ‘बसतो’ आणि ‘जमतो’ यात फार फरक आहे. बुशची लांबी अर्धा मिमी चुकली तरी बेल्टची सुरुवातीची बसण्याची जागा बदलते. नावाजलेल्या कंपनीसारखे वेष्टन आणि आत ओबडधोबड ओतकाम, असा मालही बाजारात आहे. सरकणाऱ्या भागावर बोट फिरवून पाहावे, खोबणीत ओतकामाची रेघ लागली तर घेऊ नये.

मग किट कुठे उपयोगी? जिथे गाडीवरचा भार किंवा हवा बदलते तिथे. या पुली-बेल्टच्या रचनेचे सगळ्यात बारकाईने ट्यूनिंग होते ते बर्फावरच्या स्नोमोबाइलमध्ये, तिकडे या पुल्यांनाच क्लच म्हणतात. कॅनडात जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए यांच्या कारखान्यातून १९५९ मध्ये स्की-डू बाहेर पडली, त्या यंत्रांत आजही वजने, स्प्रिंग आणि मागच्या पुलीचा तिरपा कॅम हेच त्रिकूट आहे. तिथली इंजिने बहुतेक टू-स्ट्रोक, शक्तीचा पट्टा आठ हजारांच्या आसपास आणि अरुंद. दोनशे फेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या तरी ओढ कमी होते. म्हणून स्की-डूच्या एका जुन्या क्लचमध्ये सहा खुणांची फिरकी होती, एका खुणेला सुमारे दोनशे फेऱ्यांचा फरक. शिवाय सपाटीवरचे लोक तीच गाडी डोंगरात नेतात. विरळ हवेमुळे साधारण दर हजार फूट उंचीला इंजिनची ३ टक्के ताकद जाते, मग वजने हलकी करावीच लागतात. तिथे क्लच किट ही गरज आहे. आपल्याकडचे पर्यटक गुलमर्गला स्नोमोबाइलवर बसतात ती जागा सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. त्या हिशोबाने समुद्रसपाटीच्या ताकदीतला पाव भाग तिथे गेलेला असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर, म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास. लडाखला स्कूटर घेऊन जाणाऱ्यांना तर हा फरक फारच मोठा पडतो.

आपल्या स्कूटरचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे, त्याचा टॉर्क पसरट आहे, आणि गाडी वर्षभर त्याच शहरात, त्याच उंचीवर चालते. म्हणून तिकडची गरज इकडे आपोआप लागू होत नाही. रोज घाट चढणारा, पाचगणी-महाबळेश्वर परिसरात राहणारा, कायम दोन माणसे किंवा माल वाहणारा, ज्याने गाडीला मागे पेटी लावली आहे असा डिलिव्हरीवाला, यांना मूळ वजनापेक्षा एक ग्रॅम, क्वचित दीड ग्रॅम हलके रोलर खरोखर कामाला येतात. त्यांना रोलरच पुरतात, बाकीचे किट लागत नाही. लडाखला निघालेल्याने दोन-अडीच ग्रॅम हलका संच सोबत न्यावा आणि परत आल्यावर मूळ संच चढवावा. उलट जो रोज हायवेवर एकटा पन्नास-साठने पंचवीस-तीस किमी जातो त्याला हलके रोलर म्हणजे निव्वळ पेट्रोलचा खर्च.

ट्यूनिंग करायचेच तर पद्धत अशी. आधी सगळे मूळ मापावर. मग एकाच रस्त्यावर, त्याच चालकाने, टायरमध्ये हवा पुस्तिकेप्रमाणे भरून, २० ते ५० किमी वेगाला लागणारे सेकंद तीनदा मोजावेत आणि मधला आकडा लिहून ठेवावा. प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. आपल्या बऱ्याच स्कूटरमध्ये प्लग प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतो, म्हणून मीटर ‘एका फेरीला एक ठिणगी’ यावर लावावा, नाहीतर आकडा निम्मा किंवा दुप्पट दिसतो. पूर्ण रेस देऊन वेग चढत असताना फेऱ्या जिथे स्थिर राहतात तो आकडा महत्त्वाचा. मग फक्त रोलर बदलावेत, दुसरे काही नाही. ११ ग्रॅमचा संच मिळत नसेल तर १२ आणि १० चे तीन-तीन रोलर एकाआड एक बसवले तरी तोच परिणाम होतो. एकाआड एकच बसवायचे, सलग तीन एका बाजूला आले तर पुली हादरते. रोलरचा व्यास आणि रुंदी मूळचीच हवी. १६ बाय १३, १८ बाय १४ अशी मापे वरवर सारखी दिसतात आणि चुकीचा रोलर थोडा जोर करून बसतोही, पण फिरत नाही. पुन्हा सेकंद मोजावेत, पुन्हा टाकी-टू-टाकी ॲव्हरेज काढावे. सेकंद कमी झाले नाहीत आणि ॲव्हरेज घटले, तर मूळ रोलर परत टाकावेत.

बेल्ट टोकापर्यंत चढतो का, हेही डोळ्यांनी पाहता येते. कव्हर काढून पुढच्या पक्क्या पुलीच्या आतल्या तोंडावर, मधून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारावी. गाडी मोकळ्या रस्त्यावर नेऊन आणावी आणि पुन्हा उघडावी. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. मूळ नव्या रोलरवर कडेला किती रेघ उरते ते आधी पाहून ठेवावे. हलक्या रोलरवर त्यापेक्षा जास्त उरली, तर वरचा वेग आपण घालवला आहे.

आता बसवण्यातल्या एका चुकीबद्दल, कारण तिचा खर्च किटपेक्षा मोठा आहे. बेल्ट चढवताना मागच्या पुलीच्या दोन्ही बाजू हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबावा लागतो, तरच पुढे ढील मिळते. हे न करता पुढची पक्की पुली लावून नट आवळला, तर बेल्ट बुशच्या टोकात आणि पुलीत चिमटला जातो. नट घट्ट लागतो, ठरलेल्या जोराला टॉर्क रेंचही वाजतो, पण पुली बुशवर टेकलेलीच नसते. दोन-चार किमीत बेल्ट सुटून जागेवर येतो, नट ढिला पडतो, पुली क्रँकच्या दातांवर हलू लागते आणि दात खाऊन टाकते. मग क्रँक, म्हणजे पूर्ण इंजिन उघडणे. म्हणून नट आवळल्यावर पुढची पुली हाताने फिरवून पाहावी. बेल्ट पुढे ढिला, मोकळा हलला पाहिजे. नट नुसत्या एअर गनने सोडून देऊ नये. पुली होल्डरने धरून पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळावा. पुलीच्या पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवून ती धरण्याची सवय वाईट आहे, एक पाते तुटले तरी पुली कायमची थरथरते. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने, आणि शेवटी दोन्ही पुल्यांची तोंडे कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसून मगच कव्हर.

पावसाळ्यात कोकणात आणि शहरांतल्या तुंबलेल्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट घडते. पाणी कव्हरच्या हवेच्या तोंडातून आत गेले की बेल्ट घसरतो आणि ‘पिकअप गेला’ म्हणून गाडी गॅरेजला येते. तिला किट नको, कव्हर उघडून वाळवणे हवे. खालचा निचऱ्याचा बूच असेल तर तो आधी उघडावा. हवेच्या तोंडावरचा स्पंज धुळीने बंद झाला असेल तर उन्हाळ्यात बेल्ट तापून लवकर जातो, तो स्पंज दर सर्व्हिसिंगला साफ झाला पाहिजे.

वॉरंटीतल्या गाडीत बाहेरचे किट टाकले तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हे किट विकणाऱ्याने आधी सांगणे आवश्यक आहे.

आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना आमची विनंती एवढीच, की गाडी सोडताना ‘पिकअप बघा’ इतकेच सांगू नये. जुन्या बेल्टची रुंदी किती भरली, नव्याची किती, रोलर किती ग्रॅमचे निघाले आणि किती ग्रॅमचे बसवले, शूचे अस्तर किती उरले, हे आकडे बिलावर लिहून मागावेत. आणि निघालेले सहाही रोलर पिशवीत घालून घरी न्यावेत. सपाट फरशीवर ठेवून बोटाने ढकलावेत. जो गडगडत सरळ जातो तो चांगला. जो दोन बोटे सरकून एका बाजूवर बसतो, त्याच्यामुळे गाडीचा पिकअप गेला होता.

आपले,
स्कूटर दुरुस्तीच्या धंद्यातले दोघे मेकॅनिक,
पुणे